तिसऱ्या रकान्याची बारा वर्षं

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी नाव, वय, पत्ता सांगून झाला, की पुढचा रकाना बाबू विचारतच नाही. चेहरा बघतो आणि भरून टाकतो. समोर तृतीयपंथी असेल तर मात्र पेन थबकतं. ‘काय लिहू?’ असा प्रश्न येतो, तोही मोठ्याने. मागची रांग कान टवकारते. ताप दाखवायला आलेलं माणूस कित्येकदा तिथूनच मागे फिरतं आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी घेतं.

या तिसऱ्या रकान्याचा प्रवास तसा जुना नाही. २०११च्या जनगणनेत ‘इतर’ अशी नोंद झाली आणि देशात ४,८७,८०३ हा आकडा आला, महाराष्ट्रात ४०,८९१. दारात आलेल्या प्रगणकाला घरच्यांसमोर खरं सांगायला किती जण धजावले असतील, ते सोडाच. मग १५ एप्रिल २०१४ला तृतीयपंथीयांच्या हक्कांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा ‘नाल्सा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातला निकाल लागला. ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही त्या खटल्यात होत्या. आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नको, असं न्यायालयाने म्हटलं. शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण द्या, असंही सांगितलं. पेढे वाटले गेले ते पहिल्या वाक्यावर. दुसरं वाक्य बहुतेक राज्यांनी ऐकलंच नाही. कर्नाटकाने २०२१ साली एक टक्का समांतर आरक्षण दिलं, म्हणून त्याचं नाव घ्यायचं.

आपल्याकडचं उदाहरण पोलीस भरतीचं. २०२२मध्ये शिपायांच्या भरतीचा ऑनलाइन अर्ज निघाला, त्यात पर्याय दोनच. तिसरा पर्याय ठेवा, असा आदेश ‘मॅट’ने, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, दिला. त्यावर राज्य सरकार उच्च न्यायालयात गेलं, का तर नियम तयार नाहीत म्हणून! ‘नाल्सा’ निकालाला आठ वर्षं उलटून गेली होती. नियम करणार नसाल तर सगळी भरतीच थांबवू, असं न्यायालयाने खडसावल्यावर मात्र अर्जात रकाना वाढवायची तयारी झाली. इतकी वर्षं जे अवघड होतं, ते काही दिवसांच्या कामावर आलं.

रकाना मिळाला म्हणजे नोकरी टिकते असं नाही. कोची मेट्रोने २०१७ साली वीसहून जास्त तृतीयपंथीयांना कामावर घेतलं, देशभर कौतुक झालं. महिना व्हायच्या आत आठ जणांनी काम सोडलं. कामाचा कंटाळा आला म्हणून नव्हे. भाड्याने खोली कुणी देईना, आणि रोज लॉजचं भाडं भरायचं तर पगार पुरेना. नोकरीची गाठ घरमालकाशीही असते, हे ज्यांना खोली सहज मिळते त्यांच्या लक्षात येत नाही.

तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१९चा कायदा आला तो या सगळ्यावर उतारा म्हणून. त्याचं आरोग्याचं कलम एकदा वाचून पाहावं. पहिलं पोटकलम एचआयव्ही तपासणी केंद्रांचं. मग शस्त्रक्रिया, समुपदेशन, माहितीपुस्तिका, डॉक्टरांचा अभ्यासक्रम. रुग्णालयात सहज जाता यावं, ही साधी गोष्ट सहाव्या क्रमांकावर. मधुमेह, मूळव्याध, पाय मोडणं यांना या माणसांच्या आयुष्यात जागाच नाही जणू! नोकरीत भेदभाव करू नये असं कायदा म्हणतो. शिक्षेच्या कलमात मात्र नोकरी नाकारणाऱ्याचा उल्लेख नाही. २०२२मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची घोषणा झाली, पण त्यासाठी आधी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र हवं. म्हणजे पुन्हा खिडकी, पुन्हा रकाना.

ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका पारलिंगी शिक्षिकेचं प्रकरण निकाली निघालं. ओळख कळल्यावर एका शाळेने तिला काढलं होतं, दुसऱ्या शाळेने नेमणूक दिलीच नाही. न्यायालयाने भरपाई दिली, सरकारांच्या ढिलाईवर ताशेरे ओढले आणि धोरण सुचवायला निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांची समिती नेमली.

एवढ्यात काही दवाखान्यांत केसपेपर संगणकावर आला. ‘इतर’ आता तिथल्या यादीत असतं, बाबूला विचारावं लागत नाही. पण दाखल करून घ्यायची वेळ आली की सिस्टर कागद वाचते आणि डॉक्टरांकडे बघते. वॉर्ड दोनच आहेत.