यादीतील चूक दुरुस्त करताना



गेल्या हंगामाच्या तोंडावर मोताळा तालुक्यातील सिंदखेडचे एक वयस्क सभासद शेतकी विभागात आले. हातात तोडणी कार्यक्रमाची प्रत. म्हणाले, "साहेब, मी त साध्या सिंदखेडचा मानूस. तुमच्या कागदानं मले राजा कवा करून टाकलं बाप्पा?" पाहतो तर खरेच, त्यांच्या नावापुढे 'सिंदखेड राजा' छापलेले! त्यांचा ऊस भलत्याच गटात गेला होता. ते आले नसते तर टोळी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली असती आणि इकडे पक्व झालेला ऊस वजन व साखर घालवीत बसला असता.

चूक आमचीच. नोंदीची यादी आता संगणकावर होते. सिंदखेड राजा तालुक्यातील काही नोंदींत नुसते 'सिंदखेड' पडले होते. ते सारखे करावे म्हणून आम्ही 'कंट्रोल' व 'एच' ही बटणे दाबली, शोधायचा शब्द 'सिंदखेड' आणि बदली शब्द 'सिंदखेड राजा' भरून 'रिप्लेस ऑल' केले. पापणी लवायच्या आत काम फत्ते! पण यंत्र अक्षरे ओळखते, गाव ओळखत नाही. आधी बरोबर होते ते 'सिंदखेड राजा राजा' झाले आणि मोताळ्याकडचे सिंदखेडही त्यात ओढले गेले. 'देऊळगाव'चे असेच 'देऊळगाव राजा' केले असते तर देऊळगाव महीचे काय झाले असते, ते सांगायला नको.

असाच घोळ एका सूचनापत्रात झाला. त्यात 'उस' असे ऱ्हस्व पडले होते, म्हणून सगळीकडे 'ऊस' केला. तर बरोबर असलेले 'उसाचे' बिघडून 'ऊसाचे' झाले. प्रत्यय लागला की हा ऊ ऱ्हस्व होतो, हे यंत्राला कुठले ठाऊक? शिवाय 'उसनवारी'ची 'ऊसनवारी' झाली. ते वाचून एक सभासद म्हणाले, हे तरी खरं लिहिलं!

हसण्यावारी जाणारी चूक परवडली. आकड्याची चूक डोळ्यांना दिसतच नाही. पाडेगाव केंद्राची 'फुले २६५' ही जात नीट लिहिण्यासाठी नुसता '२६५' शोधून बदलला, तर कोणाच्या जमिनीचा गट नंबर २६५ किंवा १२६५ असेल तोही बदलतो. उलट एखाद्याने तो आकडा इंग्रजी अंकांत टाइप केला असेल, तर मराठी अंकांनी शोधून तो बहुधा सापडत नाही. जुन्या फॉन्टमधील याद्यांचे तसेच. कागदावर अक्षर तेच दिसते, पण आत साठवण वेगळी असते.

आता आम्ही आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवतो. मग 'फाइंड नेक्स्ट' दाबून एकेक जागा पाहतो, तालुका जुळला तरच 'रिप्लेस' करतो. वेळ लागतो, लागू द्या. कधी 'रिप्लेस ऑल' केलेच तर किती जागी बदल झाला तो आकडा यंत्र सांगते. अपेक्षा १२ची आणि उत्तर ४० आले, की लगेच 'कंट्रोल' व 'झेड' दाबून सगळे मागे घ्यायचे. आपली मुले सोसायटीचे ठराव, अर्ज संगणकावर करतात, त्यांनाही हे दाखवा.

दुरुस्त याद्या गट ऑफिसात लावल्या आहेत. नाव, गाव, तालुका, गट नंबर, उसाची जात व लागणीची तारीख स्वतः वाचून पाहा आणि फरक दिसला तर चिटबॉयकडे लेखी द्या. त्या सिंदखेडच्या सभासदांची नोंद आम्ही जुन्या वहीवरून नीट केली. वहीत शाईने लिहिलेले गाव बरोबरच होते.