सह्याद्रीच्या कातळाचं माहेर

राजगडाच्या वाटेवर पायाखाली येणारा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत होता. ज्या तप्त स्रोतातून तो आला, तो स्रोत अजून विझलेला नाही, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचं भूखंड त्याच्यावरून सरकत उत्तरेला निघून आलं. मागे राहिली ती लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस बेटांखालची बुडालेली डोंगररांग, आणि पुढे मॉरिशस. १९८७ मध्ये या पट्ट्यात समुद्रतळाला भोकं पाडून नमुने काढले, तेव्हा दक्षिणेकडे जावं तसतसा खडक वयाने लहान निघाला. या माळेचं आजचं टोक म्हणजे रीयुनियन बेट आणि त्यावरचा २,६३२ मीटर उंचीचा जागता ज्वालामुखी, पितों द ला फुर्नेझ.

मॉरिशसहून इथे विमानाने पाऊण तास लागतो. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत, गणेश चतुर्थीची सरकारी सुटीही आहे. रीयुनियन मात्र फ्रान्सचा भाग, आणि इथले भारतीय वंशाचे लोक बहुतांशी तमिळ. आपलं नातं काय ते दगडाशी! बेटाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग २००७ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. २०१० मध्ये तिथले डोंगरकडे युनेस्कोच्या वारसा यादीत गेले.

ज्वालामुखीकडे जायला बूर-म्युरा गावातून पहाटेच निघावं, कारण दहाच्या सुमारास ढग चढायला लागतात. वाटेत कोमेर्सों नावाचं जुनं विवर लागतं. फेब्रुवारी २००७ च्या चक्रीवादळात इथे तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पाऊस पडला होता. आंबोलीला अख्ख्या वर्षात पडतो त्याच्या साधारण निम्मा. पुढे झाडं संपतात, लालसर-काळ्या खडीचं ओसाड पठार लागतं आणि गाडी पा द बेलकोंबच्या कड्याशी थांबते.

इथून पाचशेहून अधिक पायऱ्या खाली. सह्याद्रीत आधी दमून घ्यायचं आणि परतताना उतरायचं, ही आपली सवय. इथे हिशेब उलटा आहे. पाच-सहा तास चालून पाय बोलायला लागले की मग याच पायऱ्या चढायच्या असतात. वाटेत ना सावली, ना पाणी, ना चहाची टपरी.

खाली उतरलं की आपण ज्वालामुखीच्या अंगणात असतो. खडकावर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेत, तीच वाट. धुकं दाटलं की तेवढाच आधार. सुरुवातीलाच फोर्मिका लिओ हा तांबूस, बुटका शंकू, १७५३ च्या उद्रेकातला. पुढे रोझमों चॅपल, म्हणजे लाव्हाचीच पोकळ घुमटी. आजूबाजूला लाव्हा सुरकुतत, पीळ घेत थिजलेला दिसतो. मधेच त्याचे धारदार ढेकळांचे ढीग लागतात, तिथे हात टेकला तर सोलवटतो.

एखादा दगड उचलून पाहावा (आणि जागेवर ठेवावा). वायूचे बुडबुडे निघून गेले तिथे भोकं आहेत, आणि ती रिकामी आहेत. पुण्या-नाशिककडच्या खाणींत हीच भोकं पांढऱ्या, गुलाबी जिओलाइटच्या स्फटिकांनी भरलेली सापडतात. पाणी झिरपून त्यात खनिजं साचायला काळ जावा लागतो. इथल्या दगडाला तेवढं आयुष्यच मिळालेलं नाही. काही दगडांत ऑलिविनचे हिरवट कण चमकतात. तेकतेक नावाचा चिमणीएवढा पक्षी डबा उघडला की हाताच्या अंतरावर येऊन बसतो. त्याला काही घालू नये.

माथ्यावर दोलोम्यू विवर. एप्रिल २००७ मध्ये याचा तळ काही दिवसांत तीनशे मीटरहून जास्त खचला. कडा ठिसूळ असल्याने काठाशी जाऊ देत नाहीत. खरं सांगायचं तर लोक ज्यासाठी घाम गाळतात त्या विवरापेक्षा खालचं अंगणच जास्त बोलतं. विवर म्हणजे मोठा खड्डा, तोही ढग आले की गायब.

हा डोंगर सरासरी वर्षाला एकदा तरी फुटतो. लाव्हा बहुधा या निर्मनुष्य, खोलगट अंगणातच राहतो. १९७७ मध्ये तो बाहेर पडून पितों-सेंत-रोझ गावात शिरला, चर्चला वळसा घातला आणि दारात येऊन थांबला. दोन वर्षांनी बूर-म्युराला वेधशाळा सुरू झाली. भूकंपाचे धक्के वाढले की सरकार बेलकोंबच्या कड्यावरचं फाटक बंद करतं, त्यामुळे जायच्या आदल्या दिवशी ते उघडं आहे ना, हे बघावं. बंद असलं म्हणून हळहळण्याचं कारण नाही. उद्रेक झाल्याची बातमी आली की तो लांबून पाहायला बेटावरची माणसं पोराबाळांसह रात्रीच वर निघतात आणि बूर-म्युराहून येणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.