लिंक का पडते?

लांब पल्ल्याच्या वायरलेस लिंकमध्ये एकमेकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या दोन डिश असतात आणि मधे काही किलोमीटर मोकळी हवा. एका टोकाला फायबर पोचलेले असते. दुसऱ्या टोकाला शाळा, पतसंस्था, आरोग्य उपकेंद्र किंवा एखादी वस्ती. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरपासून पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा सुरू होतात आणि साक्री तालुक्याच्या या भागातले आदिवासी पाडे डोंगरांच्या खोबणींत विखुरलेले आहेत. प्रत्येक पाड्यापर्यंत चर खणून केबल पुरण्यापेक्षा टेकडीवर खांब उभारून ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओने इंटरनेट नेणे अशा मुलखात स्वस्त पडते. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केल्यावर त्यासाठी जागाही वाढली.

लिंक वारंवार पडू लागली की बहुतेकांचा पहिला हात डिशकडे जातो. खांबावर चढून ती थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवली जाते. मूळ दोष तसाच राहतो आणि नीट लागलेली दिशा मात्र बिघडते. म्हणून आधी पाहायचे ते घड्याळ. लिंक कधी पडते, किती वेळ पडते आणि त्या वेळी ऊन, वारा, पाऊस, वीज यांची काय स्थिती होती, एवढे आठवडाभर वहीत लिहिले तरी निम्मा तपास होतो.

सर्वांत आधी संशय घ्यावा तो विजेवर. तामिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाच्या आणि धरमशालेतील एअरजल्दीच्या ग्रामीण जाळ्यांचा जो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही खराब विजेचा त्रास ठळकपणे पुढे आला. व्होल्टेज खाली आले की रेडिओ बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि पाहणाऱ्याला वाटते की सिग्नल गेला. रेडिओच्या माहितीपानावर तो किती वेळ सलग चालू आहे हे दिसते. तो आकडा लिंक पडल्याबरोबर शून्यावर येत असेल, तर दोष हवेत नाही. अडॅप्टर, बॅटरी किंवा केबल तपासावी. खांबावरच्या रेडिओला वीज नेटवर्क केबलमधूनच मिळते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल लांब ओढली, की वर पोचेपर्यंत व्होल्टेज गळते. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४५ अंशांवर जातो आणि बंद डब्यातला अडॅप्टर त्याहून जास्त तापतो. रोज भर दुपारी पडणाऱ्या लिंकचे कारण अनेकदा एवढेच असते.

पाऊस लहरींना अडवतो म्हणून लिंक पडते, हा समज चुकीचा आहे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना दहा किलोमीटरच्या टप्प्यात मुसळधार पाऊसही फारसा अडवत नाही. तो अडवतो २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या लहरींना. पावसाने नुकसान होते ते पाणी कनेक्टरमध्ये शिरल्याने. लिंक पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास अडखळत असेल आणि ऊन पडल्यावर सुधारत असेल, तर तो पाण्याचा मामला समजावा. केबल रेडिओत शिरण्याआधी खाली झोल ठेवला, की पाणी तिथूनच ठिबकून जाते. वळवाच्या पावसात वीज कोसळते, म्हणून अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर यांत काटकसर नको. जवळच्या विजेच्या एका धक्क्याने नेटवर्क पोर्ट अर्धवट जळते आणि १०० मेगाबिटचा जोड १० वर येतो, किंवा सारखा तुटतो-जुळतो.

वीज आणि केबल निर्दोष निघाल्यावरच हवेकडे वळावे. १० किलोमीटरवर ५.८ गिगाहर्ट्झची लहर सुमारे १२८ डेसिबल क्षीण होते. या पट्ट्याच्या वरच्या भागात, म्हणजे ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमध्ये, प्रक्षेपणाची कमाल मर्यादा ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम आहे. समोर ३० डेसिबल लाभाची डिश असेल तर हिशेबाने उणे ६२ डीबीएमच्या आसपास सिग्नल यायला हवा. प्रत्यक्षात उणे ७५ दिसत असेल, तर दिशा चुकली आहे किंवा वाटेत काही आडवे आले आहे.

दुर्बिणीतून समोरचा खांब दिसला म्हणजे वाट मोकळी, असे नाही. लहर दोरीसारखी सरळ न जाता मधे फुगीर जागा व्यापते. १० किलोमीटरच्या लिंकच्या मध्यावर या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या ११ मीटरहून थोडी अधिक असते आणि तिचा ६० टक्के भाग मोकळा लागतो. पृथ्वीच्या वक्रतेचा दीड मीटर त्यात धरावा. पश्चिम साक्रीसारख्या पानगळीच्या जंगलात हे फार जाणवते. मे महिन्यात निष्पर्ण सागांवरून पाहणी करून लावलेली लिंक जुलैत पडते, कारण सागाची रुंद, ओली पाने लहरी शोषून घेतात. पालघर जिल्ह्यातील गावांत आयआयटी मुंबईने टीव्हीच्या रिकाम्या, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची चाचणी घेतली, त्यामागे हाच विचार होता: कमी वारंवारतेच्या लहरी झाडीतून जास्त सहज जातात.

पाणी ओलांडणाऱ्या लिंकची अडचण निराळी असते. पिंपळनेरजवळ पांझरेवर लाटीपाडा धरण आहे. अशा जलाशयावरून गेलेल्या लहरीचा काही भाग पाण्यावरून परावर्तित होतो आणि थेट लहरीशी जुळतो किंवा तिला मारतो. पाण्याची पातळी बदलली की हे गणितही बदलते, म्हणून पावसाळ्याआधी ठणठणीत चालणारी लिंक धरण भरल्यावर आजारी पडू शकते. खांबाची उंची थोडी कमी-जास्त केल्याने बहुतेक वेळा फरक पडतो. हिवाळ्यात पहाटे खोऱ्यात थंड हवा साचते, वर उबदार हवेचा थर राहतो आणि लहरी वाकतात. सूर्य वर आल्यावर आपोआप सुधारणारी लिंक या प्रकारची. इथे डिश हलवणे म्हणजे निव्वळ नुकसान. उपाय जास्त राखीव सिग्नल ठेवण्याचा.

सिग्नल चांगला असूनही लिंक पडते, तेव्हा इतर रेडिओंचा गोंगाट तपासावा. संध्याकाळी गर्दीच्या वेळी वेग कोसळत असेल, तर चॅनलची रुंदी ८० वरून २० मेगाहर्ट्झवर आणणे हा सर्वांत गुणकारी उपाय. वेग घटतो, पण ६ डेसिबलची सवलत मिळते आणि शेजारच्या रेडिओंशी टक्कर कमी होते. शक्ती वाढवत नेण्याच्या स्पर्धेत मात्र सगळ्यांच्याच लिंक बिघडतात. लिंक अचानक पडून एखाद्या मिनिटाने दुसऱ्याच चॅनलवर परत येत असेल, तर रडारची चाहूल लागून रेडिओने चॅनल सोडला आहे. ५७२५ मेगाहर्ट्झच्या वरचा चॅनल घ्यावा. रेडिओतले अंतराचे सेटिंगही पाहावे. १० किलोमीटर जाऊन परत यायला लहरीला सुमारे ६७ मायक्रोसेकंद लागतात. सेटिंग त्याहून कमी अंतराचे असेल तर पोच येण्याआधीच रेडिओ तोच मजकूर पुन्हा पाठवतो आणि लिंक स्वतःच्याच ओझ्याने गुदमरते.

या सगळ्या तपासाला तुलनेसाठी एक आकडा लागतो: लिंक नवी असताना सिग्नल आणि गोंगाट किती होता. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने लिंक ताब्यात घेताना हे आकडे, अंतर, चॅनल आणि डिशची दिशा ऑपरेटरकडून लिहून घ्यावी आणि तो कागद अडॅप्टरच्या डब्यातच चिकटवावा.