आपला गट, परका गट

वर्गातल्या मुलांना दोन अपरिचित चित्रकारांची चित्रे दाखवली, आवडीनुसार दोन गट पाडले, तर एवढ्याने त्यांच्या वागण्यात फरक पडेल का? हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १४-१५ वर्षांच्या मुलांवर हा प्रयोग केला. चित्रकार होते क्ली आणि कँडिन्स्की. खरे तर गट वाटेल तसे पाडले होते. मुलांना मात्र ते ठाऊक नव्हते. मग प्रत्येकाने इतरांना पैसे वाटायचे होते. कोणाला देतो आहोत त्याचे नाव कळत नव्हते, फक्त गट कळत होता. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. शाळेत लाल-निळ्या हाऊसच्या घोषणा ऐकणाऱ्या शिक्षकांना याचे नवल वाटणार नाही. नवल पुढेच आहे. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्यांपेक्षा जास्त मिळाले पाहिजे, असा मुलांचा कल दिसला!

राजकीय पक्षांना हे प्रयोगावाचूनच उमगलेले असते. झेंडा, टोपी, उपरणे ही त्याचीच साधने. समाजमाध्यमांत नाव आणि चित्रच बदलता येते. मार्च २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी ट्विटरवर (आताचे ‘एक्स’) आपल्या नावाआधी ‘चौकीदार’ लावले. पाठोपाठ मंत्री आणि समर्थकांनीही लावले. त्याच शब्दापुढे काँग्रेस ‘चोर’ जोडत होती. ऑगस्ट २०२२ मध्ये मोदींनी खात्यावर तिरंग्याचे चित्र लावण्याचे आवाहन केले, तेव्हा काँग्रेस नेत्यांनी तिरंगा हाती घेतलेले नेहरू लावले. तिरंगा एकच, पण माणूस कोणत्या बाजूचा हे चित्रावरून कळू लागले. मजकूर वाचण्याआधीच ‘आपला’ की ‘परका’ हे ठरले, की मुद्दा तपासण्याची गरजच वाटेनाशी होते.

मग विरोधी मते मुद्दाम वाचायला दिली तर? अमेरिकेत ख्रिस बेल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तसे केले. ट्विटर वापरणाऱ्या रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट लोकांना महिनाभर, रोज २४ संदेश विरुद्ध बाजूचे मिळतील अशी व्यवस्था केली. रिपब्लिकनांची मते मवाळ होण्याऐवजी अधिकच पुराणमतवादी झाली. डेमोक्रॅटांमध्ये ठामपणे सांगता येईल असा बदल आढळला नाही. अर्थात एका देशातला, एका महिन्याचा हा प्रयोग. तो भारताला जसाच्या तसा लावता येणार नाही.

वर्गात मात्र एक गोष्ट करून पाहता येईल. पाणीपुरवठा किंवा शाळांच्या खर्चाविषयीचे एखादे विधान घ्या. अर्ध्या मुलांना ते एका काल्पनिक पक्षाच्या नावाने द्या, उरलेल्यांना नावाशिवाय. पटते की नाही आणि का, हे सर्वांनी कागदावर लिहायचे. मग दोन्ही गठ्ठ्यांतली फक्त ‘का’ची उत्तरे फळ्यावर मांडा.