सुट्टीतले पाहुणे : दोन पायांचे आणि चार पायांचे

पुष्कळ घरांत वर्षातून एकदा तरी हा प्रसंग येतो. घरात आजी-आजोबा दोघेच. मुले नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याकडे गेलेली. मागे राहिलेल्या घराला आपोआप एक शिस्त लागते. तांब्या काल जिथे होता तिथेच आज सापडतो. चष्मा कोनाड्यात, पंचांग खिळ्याला, आणि सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळपर्यंत तशीच. मग मे महिन्यात मुलाचा फोन येतो : "आई, आम्ही रविवारी निघतोय. यंदा मोत्यालाही आणतो. त्याला इकडे ठेवायला कुणी नाही."

नातवंडे येणार म्हणून आजीला आनंद होतो. आणि कुत्र्याचे नाव ऐकून पोटात गोळाही येतो. ज्या घरात कधी मांजराचे पिल्लू पाळले नाही, तिथे आठ दिवस कुत्रा वावरणार! बोलून दाखवावे, तर "मग आम्ही येतच नाही" असे उत्तर यायचे. न बोलावे, तर आठ दिवस जीव टांगणीला. विषय घरगुती दिसतो खरा. पण त्यात एका बाजूला माणसांचे येणे-जाणे टिकण्याचा प्रश्न आहे, आणि दुसऱ्या बाजूला लहान मुलाच्या जिवाचा. म्हणून त्याचा नीट विचार करू.

आपल्या जुन्या घरांची बांधणी आठवून पाहा. अंगण, ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर अशी ती आत आत जात असे. गोठा घराला लागून असे. कुत्रे अंगणात पडलेले असे, मांजर चुलीपाशी येई, पोरे ओटीवर धुडगूस घालीत. तरीही देवघर सोवळे राही, कारण कोणी कुठवर यायचे हे उंबरठ्यांनी ठरवून दिलेले असे. म्हणजे जनावर आणि स्वच्छता यांचे मुळात वैर नाही. वैर वाटू लागले ते घर दोन-तीन खोल्यांचे झाले आणि मधले उंबरठे गेले तेव्हापासून. आता दार उघडले की पाहुणा थेट बैठकीत, आणि तिथून चार पावलांवर देवघर. तेव्हा पहिला उपाय हाच, की गेलेले उंबरठे आठ दिवसांपुरते पुन्हा घालावेत. स्वयंपाकघराच्या दाराला दोन-अडीच फूट उंचीची फळी किंवा जाळी लावली, की रांगते मूलही थांबते आणि बहुतेक कुत्रीही थांबतात. एका कोपऱ्यात गोणपाट किंवा जुनी सतरंजी घालावी, शेजारी पाण्याचे भांडे ठेवावे, आणि ती जागा त्या जनावराची म्हणून ठरवून टाकावी.

ही जागा कशासाठी, हे जनावराच्या बाजूने पाहिले तर चटकन कळते. कुत्रा जग ओळखतो ते मुख्यतः नाकाने. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे 50-60 लाख, तर कुत्र्याच्या नाकात 20 कोटींहून अधिक. आपल्या लख्ख घरात त्याला ओळखीचा एकही वास सापडत नाही. म्हणून तो घरभर हुंगत फिरतो, रात्री कण्हतो, दाराशी बसून राहतो. तो खोडी काढीत नसतो; आपण कुठे आलो, हे शोधीत असतो. मुलाला सांगावे, "त्याचे नेहमीचे अंथरूण न धुता घेऊन ये." तो वास मिळाला, की निम्मी अस्वस्थता कमी होते. मांजराची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा जीव माणसाइतकाच जागेशी बांधलेला असतो. परक्या घरात ते कपाटामागे दडी मारते. त्याला ओढून काढू नये. एका बंद खोलीत मातीचे घमेले, पाणी आणि खाणे ठेवून द्यावे. एक-दोन दिवसांत ते आपल्या पायांनी बाहेर येते.

मे महिना असेल, तर उन्हाचेही भान ठेवावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर घालवतो. त्याला दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यावरून नेऊ नये, बंद मोटारीत तर क्षणभरही ठेवू नये. दिवाळीत येणे असेल, तर फटाक्यांची वेळ धरून त्याला आतल्या खोलीत घ्यावे. आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाजही त्याला ऐकू येतात, मग सुतळी बॉम्बने त्याचे काय होत असेल! भेदरलेला कुत्रा साखळी तोडून पळतो, आणि परक्या गावात सापडत नाही. गळपट्ट्यावर मालकाचा फोन क्रमांक लिहिलेला असावा, तो यासाठी.

आता नातवंडांकडे वळू. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी आजोबांनी एक काम करावे. गुडघे दुखत नसतील तर जमिनीवर बसावे आणि तिथून घर न्याहाळावे. दोन वर्षांच्या मुलाला आणि कुत्र्याला घर याच उंचीवरून दिसते. उभ्याने न दिसलेल्या किती तरी गोष्टी मग दिसू लागतात : खाटेखाली ठेवलेले उंदरांचे औषध, पेटीतल्या डांबरगोळ्या, सरबताच्या बाटलीत भरलेले रॉकेल, उशाशी ठेवलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, मोरीतली भरलेली बादली, घड्याळातून काढलेला बटणाएवढा सेल. हे सारे मुलाच्या जिवावर बेतू शकते. अर्धी बादली पाण्यातही रांगते मूल बुडते. गिळलेला सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो. या वस्तू छातीच्या वर, बंद कपाटात गेल्या पाहिजेत. शेतीची औषधे तर घरात असूच नयेत.

काही पदार्थ आपल्याला चालतात, पण जनावराला विषासारखे ठरतात. चॉकलेट कुत्र्याला बाधते. द्राक्षे आणि बेदाणे यांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. सांगली-तासगावकडच्या घरांतून बेदाण्याचे ताट उघडे असणे नवलाचे नाही, तिथे विशेष जपावे. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. तेव्हा "खाऊ दे बिचाऱ्याला" म्हणून आमटी-भात किंवा कांदाभजी पुढे करू नये. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक आहे. मांजर घरात असताना फिनेलने फरशी पुसू नये. ते ओल्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते. साबणाचे पाणी पुरेसे आहे.

घरी गाई-म्हशी असतील, तर आल्याबरोबर कुत्र्याला गोठ्यात नेऊ नये. नुकती व्यालेली गाय परक्या कुत्र्यावर धावून जाते, आणि मध्ये एखादे पोर सापडले तर अनर्थ होतो. गोठ्यातल्या गोचिडी कुत्र्याच्या अंगावर चढतात, हेही लक्षात असावे. गल्लीतल्या कुत्र्यांना तर नवा गडी मुळीच खपत नाही. त्याला साखळीशिवाय बाहेर सोडू नये, आणि ती साखळी मोठ्या माणसाच्याच हाती असावी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा : मूल आणि जनावर एकत्र असतात ते क्षण. लहान मुलाला चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचाच असतो. मूल प्रेमाने गळ्यात पडते, शेपूट ओढते, जेवत असताना भांड्यात हात घालते. कुत्रा आधी आपल्या परीने सांगून पाहतो : तोंड फिरवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, अंग ताठ करतो, गुरगुरतो. मुलाला ही भाषा कळत नाही. शेपूट हलते आहे म्हणजे तो खूशच आहे, असे मोठ्यांनीही धरून चालू नये. मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते, म्हणून चावा चेहऱ्यावर बसतो. यासाठी नियम एकच, आणि त्याला अपवाद नाही : पाच-सहा वर्षांखालचे मूल आणि कुत्रा, मग तो कितीही गरीब असो, मोठ्या माणसाच्या नजरेबाहेर एकत्र ठेवायचे नाहीत. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारूही नये. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

एवढे करूनही चावा बसला, ओरखडा उठला, तर? पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाला इंग्रजीत रेबीज म्हणतात. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे या रोगाने दगावतात, असा अंदाज आहे, आणि त्यांत दहांपैकी चार 15 वर्षांखालील मुले असतात. उलट, वेळीच उपचार झाला तर हा रोग हमखास टळतो. लुई पाश्चर यांनी 6 जुलै 1885 रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचवली. तो मुलगा वाचला, आणि पुढे पाश्चर यांच्याच संस्थेत कामाला राहिला. आपल्याकडे 1911 साली कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी तयार केलेली लस पुढे कित्येक दशके वापरात होती. ती पोटावर टोचीत, आणि "पोटात चौदा इंजेक्शने" ही धास्ती तिच्यामुळेच घराघरांत बसली. ती लस देशात 2005 च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात किंवा कातडीत देतात. तीत चार ते पाच खेपा होतात. पहिली त्याच दिवशी, आणि शेवटची 28 व्या दिवशी.

करायचे काय, ते क्रमाने लक्षात ठेवा. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा, घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांतले काहीही लावू नका. जखम घट्ट बांधू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जा. रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत टोचण्याचे दुसरे औषधही लागते. ते डॉक्टर ठरवतील. "कुत्रा घरचाच आहे, त्याला लस दिली आहे," असे म्हणून घरी बसू नका. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न विचारावा तो लसीचा. "मोत्याची लस झाली आहे ना? पुस्तिका बरोबर आण." कुत्र्याला पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात, आणि पुढे दरवर्षी. हे विचारण्यात कसला संकोच? आल्यावर वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. त्याच वेळी आपले नियमही सांगून टाकावेत : देवघरात आणि स्वयंपाकघरात त्याला यायचे नाही, फिरवणे आणि घाण उचलणे तुमच्याकडे, गादीवर त्याला घ्यायचे नाही. चार नियम असावेत, चाळीस असू नयेत. जे नियम आरोग्यासाठी आहेत, त्यांत सूट देऊ नये. जे केवळ सवयीचे आहेत, ते सोडून द्यावेत. फरशीवर पंजे उमटतील, भिंतीवर खडूने घोडा काढलेला असेल, तांब्या जागेवर सापडणार नाही. ते आठ दिवसांनी पुसता येते.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. सुट्टी लागण्यापूर्वी एक तास या विषयाला द्यावा. तीन गोष्टी मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्याव्यात : परका कुत्रा जवळ आला तर पळायचे नाही, झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे, खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळच्या जनावराला हात लावायचा नाही, आणि चावा किंवा ओरखडा लपवायचा नाही, लगेच घरी सांगायचे. मूल रागावतील म्हणून गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यातच धोका असतो. "सांगितलेस ते चांगले केलेस," एवढे आजीने म्हटले, तरी एखादा जीव वाचेल.

पाहुणे गेले, की घर पुन्हा आवरले जाईल. दाराची फळीही निघेल. ती फेकू नका. अडगळीत जपून ठेवा, दिवाळीला लागेल.