मॉरिशसला जायचं तर दिवाळीच्या सुट्टीत

डोंबिवलीत माझं प्रवासाच्या बुकिंगचं ऑफिस आहे. तुळशीचं लग्न लागलं की मॉरिशसची चौकशी सुरू होते आणि ती बहुतेक वेळा एकाच चालीची असते. लग्न जानेवारीत, त्याच्या पाठोपाठ हनिमून, सहा रात्रींचं पॅकेज केवढ्याला पडेल? मुलीची आई सोबत आली असेल तर ती एक प्रश्न जास्तीचा विचारते, ‘‘ताई, तिकडे थंडी नसेल ना हो?’’

थंडी नसते. जानेवारीत तिकडे भर उन्हाळा असतो, आणि तोच त्यांचा पावसाचा नि चक्रीवादळांचा काळ. हे मी पहिल्या भेटीतच सांगते. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून गप्प बसणं मला जमत नाही. आयुष्यात एकदाच होणारा प्रवास, त्यासाठी दोघांनी साठवलेले पैसे, आणि आपण त्यांना हवामानाचं काहीच सांगायचं नाही, हे मला पटत नाही. जाहिरातीतला समुद्र बाराही महिने एकाच निळ्या रंगाचा असतो. बेटावरचा नसतो.

नकाशा उघडला की निम्मं काम होतं. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे आणि मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर जवळपास सारखं, फक्त बाजू उलटी. त्यामुळे ऋतूही उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, मे ते ऑक्टोबर हिवाळा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पेटणारा गुलमोहर तिथे नाताळच्या सुमारास रस्त्यांच्या दोन्ही कडांना लाल होऊन उभा असतो. (हे झाड मूळचं शेजारच्या मादागास्करचं, म्हणजे तिकडचा बहर हाच खरं तर त्याचा घरचा बहर.) उसाचंही तसंच. आपले साखर कारखाने दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू करतात. मॉरिशसची तोडणी जूनमध्ये सुरू होते आणि वर्षअखेरीपर्यंत चालते. ज्या उसासाठी १८३४ पासून आपल्या लोकांना तिथे नेलं, त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचीही माणसं होती, तो ऊस आजही बेटाच्या मोठ्या भागावर उभा आहे. मे-जूनमध्ये त्याला तुरे येतात तेव्हा डोंगरपायथ्यापर्यंतची सगळी जमीन फिकट जांभळट दिसते. समुद्राच्या ओढीने गेलेली माणसं हे पाहायला थांबत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

बहुतेकांचा पहिला प्रश्न तापमानाचा असतो, पण या बेटाच्या बाबतीत तो फारसा महत्त्वाचा नाही. उन्हाळ्याचं सरासरी तापमान २४.७ अंश आणि हिवाळ्याचं २०.४. फरक चार अंशांचा. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी पारा २९ पर्यंत चढतो, जुलै-ऑगस्टच्या रात्री तो १६ पर्यंत उतरतो. समुद्राचं पाणी उन्हाळ्यात २७ अंशांच्या आसपास, हिवाळ्यात २२-२३. तेवढ्या पाण्यात युरोपातून आलेली माणसं मजेत पोहतात, आपली मुलं मात्र दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. खरं बघायचं ते वाऱ्याकडे आणि पावसाकडे.

वारा येतो आग्नेयेकडून. हे व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर वाहतात आणि हिवाळ्यात, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये, चांगलेच जोर धरतात. ते आधी पूर्व किनाऱ्यावर धडकतात, मग मधल्या पठारावर चढताना ढग तिथेच रिकामे करतात, आणि पश्चिमेला उतरतात तेव्हा कोरडे झालेले असतात. सह्याद्रीचा घाटमाथा आणि त्यापलीकडचा दुष्काळी पट्टा ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मॉरिशसमध्ये हाच खेळ पंचेचाळीस किलोमीटर रुंदीच्या बेटावर चालतो. म्हणून ‘मॉरिशसचं हवामान कसं आहे’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. कुठल्या किनाऱ्याचं, ते आधी विचारावं लागतं.

ऑगस्टमधली एक सकाळ सांगते. आम्ही पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला उतरलो होतो. न्याहारीच्या वेळी लख्ख ऊन, पाणी तळ्यासारखं शांत, झाडाचं पान हलत नव्हतं. गाडी पठारावर क्युरपीपकडे चढायला लागली आणि काचेवर झिमझिम सुरू झाली. क्युरपीपच्या बाजारात माणसं स्वेटर घालून, छत्र्या उघडून भाजी घेत होती. तिथल्या मराठी घरातले आमचे चालक म्हणाले, ‘‘इथे दोनच ऋतू, एक पावसाचा आणि दुसरा अजून जास्त पावसाचा.’’ पुढे पठार उतरून पूर्वेला बेल मारला पोचलो तर आकाश पुन्हा निळं, पण वारा असा की चालताना वाळूचे कण पोटऱ्यांना टोचत होते. किनाऱ्यावरच्या खुर्च्यांची तोंडं हॉटेलवाल्यांनी समुद्राकडून वळवून ठेवली होती. तीन हवामानं आम्ही जेवणाच्या वेळेआधी पाहिली. त्याच दिवशी बेल मारच्या हॉटेलात उतरलेलं कुटुंब घरी जाऊन सांगणार, मॉरिशसला नुसता वारा असतो. फ्लिक-आँ-फ्लाकचं कुटुंब सांगणार, काय सुंदर हवा! दोघंही खरंच बोलत असतात.

यावरून माझा एक नियम ठरला आहे. जून ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने पश्चिमेला किंवा उत्तरेला राहावं. फ्लिक-आँ-फ्लाक, त्रू-ओ-बिश, ग्रां बे या बाजूला. पूर्वेचं इल-ओ-सेर्फ बेट पाहायचं तर एका दिवसाची सहल करावी. ज्यांना वाराच हवा असतो त्यांच्यासाठी हाच काळ सर्वांत चांगला; नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्नच्या डोंगराखाली पतंग बांधून लाटांवर धावणारे जगभरातून तिथे येतात ते याच महिन्यांत. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात कुबड्या देवमासे पिल्लांना घेऊन बेटाजवळून जातात. पण हिवाळ्यात दिवस लहान असतो, हे कार्यक्रम आखताना कुणी लक्षात घेत नाही. जूनमध्ये पावणेसहाला सूर्य मावळतो. डिसेंबरमध्ये जवळजवळ सातपर्यंत उजेड राहतो.

आता चक्रीवादळांबद्दल. भीती घालायची नाही, पण झाकूनही ठेवायचं नाही. मॉरिशसचा वादळांचा हंगाम अधिकृतपणे १ नोव्हेंबर ते १५ मे असा धरतात. प्रत्यक्षात धोका एकवटलेला असतो तो जानेवारी ते मार्चमध्ये. त्या वेळी समुद्र सगळ्यात तापलेला असतो आणि वादळाला बळ त्या गरम पाण्यातूनच मिळतं. १९६० च्या फेब्रुवारीअखेर ‘कॅरल’ आलं तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेले आणि हजारो घरं कोसळली. आज मॉरिशसमध्ये जिकडेतिकडे सपाट छताची काँक्रीटची घरं दिसतात. ती कुणी आवडीने बांधलेली नाहीत, त्या वर्षाने शिकवलेली आहेत. अलीकडे, जानेवारी २०२४ मध्ये, ‘बेलाल’च्या पावसात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला.

तिथली यंत्रणा शिस्तीची आहे. वाक्वा इथल्या हवामान खात्याकडून इशारे श्रेणीने येतात, एक ते चार. मोजमाप असतं ताशी १२० किलोमीटरच्या झोताचं. तेवढा वारा येण्याची शक्यता दिसू लागली की पहिली श्रेणी, आणि वारा तेवढा प्रत्यक्ष नोंदला गेला की चौथी. तिसरी लागली की दुकानं बंद, बस बंद, माणसं घरात. हॉटेलंही अशा वेळी पाहुण्यांची नीट काळजी घेतात. आमच्याकडून गेलेल्या एका जोडप्याने असे दोन दिवस हॉटेलच्या आतल्या दालनात पत्ते खेळत काढले, जेवणखाण वेळेवर मिळालं, धोका काही झाला नाही. पण सहा रात्रींतल्या दोन गेल्या, शामारेलची रंगीत माती राहिली, बोटीची सहल राहिली, आणि परतीचं विमान एक दिवस पुढे गेलं. दर जानेवारीत असं होत नाही. बहुतेक जोडपी छान फिरून येतात. दुपारी एक जोराची सर पडते, मग पुन्हा ऊन, एवढंच त्यांच्या वाट्याला येतं. तरी वर्षातला सगळ्यात ओला महिना फेब्रुवारी आहे, आणि आपले लग्नाचे मुहूर्त नेमके त्याच्या आगेमागे दाटलेले असतात.

मग सगळ्यात कोरडा महिना कोणता? ऑक्टोबर. आपल्याकडे सहामाही परीक्षा संपवून मुलं मोकळी होतात, दिवाळीची सुट्टी लागते, ते हे दिवस. वाऱ्याचा हिवाळी जोर ओसरलेला असतो. पाणी ऑक्टोबरात हळूहळू कोमट व्हायला लागतं आणि नोव्हेंबरात मुलांना तासन्‌तास डुंबता येईल इतकं होतं. पूर्वेच्या किनाऱ्यावरही आता निवांत बसता येतं, त्यामुळे हॉटेल कुठल्या बाजूला घ्यायचं याची बंधनं उरत नाहीत. पाऊस कमी म्हणून नद्यांतून गाळ कमी येतो आणि प्रवाळाच्या कड्याआतलं पाणी स्वच्छ राहतं. आग्नेयेच्या ब्लू बेमध्ये काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघायचं तर हेच दिवस. नोव्हेंबरात चक्रीवादळ अगदी क्वचित येतं. महिनाअखेर लिची पिकायला लागते, ती झाडावरून उतरवलेली, देठापानांसकट जुड्या बांधून रस्त्याकडेला विकतात. आणि दिवाळी तिथे सार्वजनिक सुट्टीची आहे. उत्तरेकडच्या त्रियोले गावातली घरं त्या रात्री पणत्या नि दिव्यांच्या माळांनी भरून जातात. घरची दिवाळी सोडून कसं जायचं, म्हणणाऱ्या आजींना मी हे आवर्जून सांगते.

मे महिन्याची सुट्टी ही माझ्या मते दुसरी निवड, आणि वाईट मुळीच नाही. वादळांचा काळ सरत आलेला, पाणी उन्हाळ्याच्या उबेतून अजून निवलेलं नाही, वारा अजून चढलेला नाही. आपल्याकडे चाळिशीपार गेलेल्या उकाड्यातून उठून गेलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसांना ती हवा फार मानवते. नाताळ आणि नववर्ष मात्र मी टाळायला सांगते. कारण हवामान नव्हे, दर. युरोपातली थंडी टाळायला आलेल्यांनी हॉटेलं भरलेली असतात आणि तीच खोली ऑक्टोबरपेक्षा कितीतरी महाग पडते.

ज्यांना जानेवारी-फेब्रुवारीशिवाय इलाज नाही, त्यांना मी परत पाठवत नाही. त्यांच्यासाठी तीन गोष्टींचा हट्ट धरते. किनारा पश्चिमेचा, कारण तिथे पाऊस सगळ्यात कमी. विमा असा की ज्यात वादळामुळे विमान रद्द झालं तर वाढलेल्या रात्रीचा खर्च मिळतो. ही अट कागदावर आहे का, ते सही करण्याआधी वाचायचं. आणि परतल्यावर कामावर रुजू व्हायच्या आधी एक दिवस मोकळा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणारी महाशिवरात्र जर त्या दिवसांत पडत असेल, तर मग मी म्हणते, खुशाल जा. पठारावरच्या गंगा तलावाकडे त्या आठवड्यात बेटाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन चालत येतात, आणि वाटेवरच्या घरांतून अनोळखी माणसं त्यांना सरबत नि फळं देतात. त्यासाठी दोन पावसाळी दिवस सोसायला हरकत नाही.

पण अलीकडे मी आणखी एक काळ सुचवू लागले आहे, तो सप्टेंबरचा. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. तिथला पहिला गणपती १८९६ मध्ये वाक्वाजवळच्या हेन्रिएटा गावात भिवाजी कुटुंबाने बसवला असं मानतात. आज मराठी वस्तीच्या गावांतून मूर्ती नदीवर आणि समुद्रावर नेतात, मिरवणुकीत कोकणातल्या जाखडीची नातलग असलेली झाकरी नाचतात. आपल्याला घरचा गणपती सोडून तेव्हा जाता येत नाही, हे खरं. पण ज्यांचा गणपती दीड दिवसाचा आहे त्यांना तिसऱ्या दिवशी मुंबईहून थेट विमान घेता येतं, साडेसहा तासांच्या आसपास प्रवास आहे. पाऊस कमी, शाळांच्या सुट्ट्या नाहीत म्हणून हॉटेलात गर्दी कमी, ऊसतोड ऐन भरात, आणि पाणी अजून जरा गार, एवढीच काय ती खोट. सेवानिवृत्त जोडप्यांना तर मी दुसरा महिना सुचवतच नाही.