चेंबर रिकामं दिसलं पाहिजे

काका गेल्यानंतर अकरा महिने मावशीने त्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडला नव्हता. आत नऊ एमएमचं पिस्तूल आहे हे तिला ठाऊक होतं. ते भरलेलं आहे की रिकामं, एवढं मात्र माहीत नव्हतं. पाहायचं तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढावी लागते, आणि संधिवाताने अंगठ्याचे सांधे सुजलेल्या तिच्या हातांना ते जमत नव्हतं. ह्यूस्टनपासून तासाभराच्या अंतरावर, दीड एकराच्या जागेत ती एकटी राहते. शेजारचं घर हाक ऐकू जाणार नाही इतकं लांब. एका रविवारी तिचा फोन आला, "अगं, तू बालेवाडीला नेमबाजी करायचीस ना? मग एकदा येऊन हे बघून जा."

मी गेले. पिस्तुलाची नळी अंगणातल्या मातीच्या ढिगाकडे धरली आणि काडतुसांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. मावशीने सुस्कारा सोडला, तिच्या मते पिस्तूल आता रिकामं झालं होतं. मग मी स्लाइड ओढली आणि चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातलं, एक काडतूस टपकन पायरीवर पडलं. ती बराच वेळ त्या काडतुसाकडे पाहत राहिली. "सुट्टीत नातवंडं त्या टेबलाच्याच खोलीत झोपली होती," एवढंच म्हणाली.

ते पिस्तूल त्याच आठवड्यात आम्ही दुकानात विकून टाकलं. एकटं राहायचं तर जवळ काहीतरी हवं, हा तिचा निर्णय पक्का होता आणि तो मी तिच्याकडेच सोडला. फक्त ते तिच्या हाताला झेपणारं असावं. म्हणून पॉइंट टू-टूचं लहान पिस्तूल बघायचं ठरलं.

या काडतुसाची मला कॉलेजपासून सवय. आम्ही पंचवीस मीटरवर खेळायचो तेही पॉइंट टू-टूच. पण खेळाचं पिस्तूल आणि खिशातलं पिस्तूल यांत काडतूस सोडलं तर काहीच सारखं नाही. खेळाच्या पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत असते, मूठ खेळाडूच्या हाताबरहुकूम कोरून घेतलेली असते. खिशातलं जेमतेम सव्वातीनशे ग्रॅम भरतं आणि त्याची नळी माझ्या करंगळीएवढी. मागची खाच आणि पुढची माशी इतकी जवळ येतात की हात केसभर हलला तरी गोळी वीतभर सरकते. वजन कमी म्हणजे वापरायला सोपं, हा समज दुकानात पाऊल टाकण्याआधीच काढून टाकावा लागतो. पिस्तूल जड असलं की हात स्थिर राहायला मदत होते. हलक्यात सगळा भार हातावरच येतो.

काडतुसाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण निवडीचा सगळा गुंता त्याच्या बुडाशी आहे. नऊ एमएमसारख्या काडतुसात पेट घेणारी टोपी बुडाच्या मध्यभागी बसवलेली असते. पॉइंट टू-टूला अशी वेगळी टोपी नसते. पितळी नळकांड्याच्या बुडाला बाहेर आलेली पोकळ कड असते. स्फोटक मिश्रण ओलं असताना आत घालून नळकांडं गरगर फिरवतात, म्हणजे ते त्या कडेत चहूबाजूंनी पसरतं. पिस्तुलातली पिन या कडेवर आपटते, कड चेपते आणि आग आतल्या दारूपर्यंत पोचते. युक्ती जुनी आहे. स्मिथ अँड वेसनने या जातीचं काडतूस वापरणारं पहिलं रिव्हॉल्वर विकायला काढलं ते १८५७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून शिपाई बिथरले त्याच साली. आजचं लाँग रायफल काडतूस १८८७ चं.

मिश्रण कडेत एखाद्या जागी नीट पोचलं नसेल आणि पिन नेमकी तिथेच आपटली, तर काडतूस फुकट जातं. ही त्या बनावटीतलीच उणीव आहे. लक्ष्यावर नेम धरून उभं असताना हे झालं तर थोडा वैताग येतो, एवढंच. जीव वाचवायला घेतलेल्या हत्यारात झालं तर त्याचा अर्थ वेगळा. जॉन ब्राउनिंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी खिशातलं पिस्तूल केलं, तेव्हा जवळपास याच जाडीच्या गोळीचं पण मध्यभागी टोपी असलेलं पॉइंट टू-फाइव्ह काडतूस त्यासाठी घेतलं, ते उगाच नव्हे. ताकदीचं म्हणाल, तर पॉइंट टू-टूची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. नऊ एमएमची ११५ ग्रेनची, साडेसात ग्रॅमच्या जवळपास. आखूड नळीतून सुटताना पॉइंट टू-टूच्या गोळीचा वेगही रायफलपेक्षा बराच उतरतो. हे सगळं मी मावशीला दुकानात जाण्याआधीच सांगितलं. ती म्हणाली, "मोठं औषध आहे पण पेशंटला गिळता येत नाही, तर त्याचा उपयोग काय?" चाळीस वर्षं नर्स होती ती.

दुकानात काचेच्या कपाटामागे मध्यमवयीन विक्रेता होता, शांत स्वभावाचा. त्याने आधी मावशीचे हात पाहिले, नंतर कपाट उघडलं. मला हा माणूस तिथेच आवडला. कागदपत्रांचं त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. ४४७३ क्रमांकाचा फॉर्म स्वतः भरायचा, त्यावरून एफबीआयच्या यंत्रणेत पार्श्वभूमी तपासली जाते, आणि परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. मावशी नागरिक आहे, तिला अडचण नव्हती. पण एच-वनवर आलेल्या आपल्या मुलांना मी आवर्जून सांगते की ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसताना, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर इथे बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही संघीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राने हौसेने हातात दिली तरी आधी कायदा बघा.

त्याने काचेवर मऊ कापड अंथरून त्यावर तीन हत्यारं ठेवली. एक रूगरचं एलसीपी टू, पॉइंट टू-टूमधलं. त्याची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली, पकडायला मागे दोन कान काढलेले, मॅगझिनमध्ये १० काडतुसं. दुसरं बेरेटाचं २१-ए, ज्याला बॉबकॅट म्हणतात. मॅगझिनमध्ये ७, नळीत एक. तिसरं आठ घरांचं छोटं रिव्हॉल्वर. मावशीने लगेच चाप ओढायला बोट नेलं तसं विक्रेत्याने अदबीने थांबवलं आणि चेंबरमध्ये प्लॅस्टिकचा एक पिवळा प्लग सरकवला, भिंतीत स्क्रू घट्ट बसावा म्हणून वापरतात तो. पॉइंट टू-टूच्या बऱ्याच जुन्या-नव्या हत्यारांत रिकामा चाप ओढला की पिन चेंबरच्या काठावर आपटून काठ दुखावतो. प्लग तो मार आपल्यावर घेतो. डॉलरभराची वस्तू, पण सरावाला तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

रिव्हॉल्वरवर माझा जीव होता. काडतूस फुकट गेलं तरी पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर आपोआप समोर येतं. बिळाजवळच्या सापासाठी बारीक छऱ्यांची काडतुसं मिळतात, तीही रिव्हॉल्वरमध्येच नीट चालतात. पिस्तुलाची स्लाइड मागे ढकलायला त्यांचा जोर पुरत नाही. पण पिन कडेवर जोरात आपटावी लागते, म्हणून अशा रिव्हॉल्वरचा चाप कडक ठेवतात. मावशीने दोन बोटांनी ओढून पाहिला, नळी थरथरत डावीकडे गेली. तिने ते परत ठेवलं आणि मी पुढे आग्रह केला नाही.

उरलेली दोन्ही आम्ही शेजारच्या रेंजवर भाड्याने चालवून पाहिली. विकत घेण्याआधी हे केलंच पाहिजे. दुकानातल्या पाच मिनिटांत हाताला जे कळत नाही, ते पन्नास गोळ्यांनंतर कळतं. मी दोन तऱ्हेची काडतुसं नेली होती, सुटी मिळणारी स्वस्तातली आणि तांब्याचा मुलामा दिलेली जास्त वेगाची. स्वस्तातल्या पन्नासांत तीन उडालीच नाहीत. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांबायचं, कारण काडतूस उशिरा पेटूही शकतं. मग काढून पाहिलं तर कडेवर पिनेची खूण स्पष्ट होती. जरा फिरवून पुन्हा घातल्यावर तिन्हींतली दोन उडाली. मुलामा दिलेल्यांपैकी एकही अडलं नाही. मॅगझिन भरताना मी मावशीला वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसवायला शिकवलं. ती मागे अडकली की काडतूस वर सरकत नाही.

हलक्या स्लाइडचं पिस्तूल मावशीला जमलं. डाव्या हातात स्लाइड घट्ट धरायची आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची, ही युक्ती दाखवली तर दहापैकी आठ वेळा जमलं. माझ्या मनाने तेच निवडलं होतं. मॅगझिन मोठं आणि चापही बरा.

मग तिने बेरेटा उचललं. त्याच्या डाव्या बाजूला लहानशी कळ असते. ती दाबली की नळीचं मागचं टोक टक्कन वर उचललं जातं. स्लाइडला हात लावायचीच गरज नाही. काडतूस बोटांनी नळीत ठेवायचं आणि नळी खाली दाबायची. या पिस्तुलाला नळीतून काडतूस ओढून काढणारा आकडाच नसतो. उडालेलं नळकांडं वायूच्या दाबाने बाहेर फेकलं जातं, आणि न उडालेलं नळी उचलून नखाने काढता येतं. पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड आहे, तो मावशीला दोन्ही हात लावूनच झेपला. पण तिने चार-पाच वेळा नळी उचलली, आत पाहिलं, बंद केली, पुन्हा उचलली. नळीतून पलीकडचा उजेड दिसत होता. "हे बघ," ती म्हणाली, "इंजेक्शन देण्याआधी आम्ही सिरिंज उजेडात धरायचो. कोणाच्या सांगण्यावर विसंबायचं नाही, आपल्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. हे मला दिसतंय."

माझ्या हिशेबात ही गोष्ट आलीच नव्हती. मी गोळ्या मोजत होते, चाप तोलत होते. घरात हत्यार असलं तर वर्षातून एखाद्या क्षणीही ते चालवायची वेळ येत नाही, पण ते रिकामं आहे की भरलेलं हे रोज कळावं लागतं. सुजलेल्या अंगठ्यांना ते एका कळीवर कळत असेल, तर तीन काडतुसं कमी मिळाल्याचं मला काही वाटत नाही. मावशीची निवड माझ्या निवडीपेक्षा बरोबर होती.

पिस्तूल घेतलं त्याच दिवशी अंकांच्या कुलपाची पोलादी पेटीही घेतली आणि पलंगाशेजारच्या कपाटात स्क्रूने बसवली. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवणं गुन्हा आहे. पण मावशीला कायदा सांगावा लागला नाही. तिला पायरीवर पडलेलं ते काडतूस आठवत होतं. कोंबड्यांच्या खुराड्याकडे जाताना पिस्तूल ती खिशात ठेवते, चाप पूर्ण झाकणाऱ्या चामडी म्यानात, आणि त्या खिशात रुमालसुद्धा ठेवत नाही. पहिल्या दोन महिन्यांत तिने एकाच जातीची तीनशे काडतुसं चालवली. त्या जातीचं नाव पेटीच्या झाकणावर मराठीत लिहून चिकटवलंय.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात गेलेल्या माणसाचं हत्यार खणात पडून असेल, तर आज त्याला हात लावू नका. मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा, खोलीला कुलूप घाला आणि ज्याला ते उघडता येतं अशा माणसाला बोलवा. मॅगझिन काढल्यावर त्याला थांबू देऊ नका. चेंबर उघडून दाखवायला सांगा.